पिवळ्या खुणेचे बोल्ट

"मॅडम, तुम्हाला फक्त सही करायची आहे," असं म्हणत पाटणकरांनी अकरा तुटके बोल्ट माझ्यापुढे टेबलावर ओतले. "रिपोर्ट आम्ही टाइप करून ठेवलाय. ऑपरेटरने जास्त कसले, म्हणून तुटले."

माझं डोकंच फिरलं. तीस वर्षं या धंद्यात काढली, पण तपासाआधी निकाल टाइप करणारा माणूस पहिल्यांदाच भेटला. "मग मला कल्याणहून कशाला बोलावलंत? रस्त्यातले खड्डे मोजायला?"

पाटणकर त्या कारखान्याचे मॅनेजर. माणूस वाईट नाही, सदा घाईत. मुरबाड एमआयडीसीतला हा कारखाना गोदामात माल उचलायचे हॉइस्ट बनवतो. दोन गिऱ्हाइकांकडे हॉइस्टच्या बोल्टची डोकी आपोआप उडाली होती. खाली कोणी उभं नव्हतं हे नशीब. गिऱ्हाइकं चिडली होती आणि पाटणकरांना एक नाव हवं होतं.

नाव त्यांना मिळालंही होतं. बोल्ट कसला की प्रत्येक ऑपरेटर त्यावर आपल्या रंगाचा ठिपका देतो. अकराही बोल्टवर पिवळा ठिपका होता. पिवळा म्हणजे काशिनाथ. शेणवे गावचा माणूस, नऊ वर्षं कॉन्ट्रॅक्टवर. महिनाअखेरीस परमनंट होणाऱ्यांची यादी लागायची होती, त्यातलं त्याचं नाव खोडून झालं होतं. त्याला असेंब्लीवरून काढून पॅकिंगला खोके चिकटवायला बसवलं होतं.

मी मटेरियल सायंटिस्ट. लोकांना वाटतं, आम्ही पांढरे कोट घालून नवनवे धातू शोधतो. शोधतात काही जण. माझं आयुष्य मात्र तुटलेल्या वस्तूंना "बाई गं, तू का तुटलीस?" असं विचारण्यात गेलं.

मी भिंग काढलं. बोल्ट जास्त कसला तर तो आधी ताणला जातो, मानेशी बारीक होतो आणि मग तुटतो. हे बोल्ट जराही ताणले नव्हते. खडूसारखे कट्कन मोडले होते.

"काशिनाथला बोलवा," मी म्हटलं.

तो आला आणि दारातच उभा राहिला. मी त्याला बसवलं. सारखा पँटला हात पुसत होता. हाताला खोक्याचा गोंद होता.

"कसताना तुटायचे का रे?"

"नाय मॅडम. कसताना एक पण नाय तुटला. दुसऱ्या दिवशी येऊन बघावं, तर डोका खाली पडलेला."

माझे कान टवकारले. जास्त कसलेला बोल्ट हातातच तुटतो, रात्रभर विचार करून तुटत नाही. मी पाटणकरांकडे वळले. "हे सगळ्यात कडक ग्रेडचे बोल्ट आहेत. कोणाकोणाला देता कसायला?"

"फक्त काशिनाथला. त्याच्यासारखा हात दुसऱ्या कोणाचा नाही."

"अहो, मग ठिपका पिवळाच असणार ना! दुसऱ्या रंगाला तुम्ही संधीच कुठे दिलीत?"

पाटणकरांनी टाइप केलेला रिपोर्ट उलटा करून ठेवला. पण गिऱ्हाइकांना रिपोर्ट हवा होता आणि माझ्या तोंडाळपणावर तो होत नाही. पुरावा लागतो. तुटके बोल्ट ज्या खोक्यातून आले होते, त्याच खोक्यातले दहा न वापरलेले बोल्ट मी मागवले, शिवाय जुन्या लॉटमधले, म्हणजे आधीच्या खेपेतले, दहा. एका जाड प्लेटला आटे पाडून घेतले आणि टॉर्क रेंच पाटणकरांच्या हातात दिला. हा पाना ठरवलेला जोर आला की 'टक' वाजतो. तिथेच थांबायचं.

"मी कसू?" ते दचकले.

"तुम्हीच. म्हणजे उद्या कोणाचं नाव घ्यायला नको."

वीस बोल्ट कसेपर्यंत साहेबांचा शर्ट पाठीला चिकटला. मी ती खोली कुलूप लावून बंद केली. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडली तर चार डोकी फरशीवर पडली होती. चारही त्या खोक्यातली. जुना लॉट ठणठणीत होता. पाटणकर खाली वाकले आणि एक डोकं उचलून उजेडात धरलं.

आता कारण सांगते. गंज लागू नये म्हणून बोल्टवर झिंकचा मुलामा देतात. त्या टाकीत ॲसिड असतं, करंट असतो, तिथे हायड्रोजन तयार होतो आणि पोलादात शिरतो. साध्या बोल्टला त्याचं काही वाटत नाही. कडक बोल्ट मात्र कसून ताणाखाली ठेवला की आत हळूहळू चिरत जातो. म्हणून मुलाम्यानंतर लगेच ओव्हनमध्ये दोनशे अंशांच्या आसपास तापमानाला काही तास भाजायचं, की हायड्रोजन निघून जातो.

तुटक्या बोल्टच्या लॉटचं कार्ड बघितलं. मुलामा गुरुवारी संध्याकाळी, जवळच्या प्लेटिंगच्या शेडमध्ये दिलेला. आणि शुक्रवारी तिथे लाइट नसते, आठवड्याचा बंद. मी मुद्दाम शुक्रवारीच त्या शेडवर जाऊन थडकले.

अंगणात ताडपत्री पसरली होती. तिच्यावर बोल्ट वाळत घातले होते, भात वाळत घालतात तसे. तिथे काम करणाऱ्या म्हसा गावच्या मंगलताई फडकं बांधून, हातमोजे घालून ते वरखाली करत होत्या.

"ताई, हे काय?"

"वाळवतो ना मॅडम. लाइट नाय तर ओव्हन कसा लावणार? आमी उन्हात घालतो. पाण्याचा थेंब ठेवत नाय मी, बघा हात लावून!"

हात लावला. खरंच कोरडे होते. बाईंनी जीव ओतून काम केलं होतं. ओव्हन वाळवण्यासाठी नसतो, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मी तोंड उघडणार, इतक्यात भिंतीवरच्या कामाच्या कागदावर नजर गेली. 'प्लेटिंगनंतर लगेच ओव्हनमध्ये ठेवणे.' खाली सही माझी. दोन वर्षांपूर्वी, शेड न बघताच, मीच लिहून दिला होता. काय करायचं ते लिहिलं होतं. का करायचं, त्यावर एक शब्द नाही.

लाज वाटली, खोटं कशाला सांगू.

पुढे बोल्टच्या तुटक्या तोंडांचे मुंबईच्या लॅबमध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली फोटो काढले. भेग पोलादाच्या कणांच्या सांध्यासांध्यातून गेली होती, हायड्रोजनने जाते तशी. मी रिपोर्ट लिहिला. ऑपरेटरचा दोष नाही. भाजणं झालं नाही. सूचना अपुरी, आणि ती मी लिहिली.

"तुमचं नाव कशाला मॅडम?" पाटणकर म्हणाले. "प्लेटिंगवालीवर टाका, विषय संपेल."

"परत तेच का?"

रिपोर्ट जसाच्या तसा गेला. त्या लॉटचे सगळे बोल्ट गिऱ्हाइकांकडून परत मागवले. कडक बोल्टना गुरुवारी मुलामा द्यायचा नाही, असं ठरलं. मी मंगलताईंसोबत बसून नवा कागद लिहिला, कारणासकट.

यादीत काशिनाथचं नाव परत आलं. पत्र द्यायला पाटणकर स्वतः पॅकिंगमध्ये गेले, मला सोबत घेऊन. काशिनाथने पत्र दोनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं. मला वाटलं, आता हसेल.

"साहेब," तो म्हणाला, "बोल्ट तुटला तर तुमी त्याला भिंग लावला, मुंबईला धाडला, फोटो काढले. मला तुमी एकदा इचारला पण नाय."

पाटणकर एक खोकं ओढून त्याच्यासमोर बसले.  मी दाराशी उभी राहून चष्मा पुसू लागले.

माझ्या रिपोर्टच्या फॉर्ममध्ये तेव्हापासून एक रकाना वाढला आहे. 'हाताने काम करणारा काय सांगतो?' तो मी सगळ्यात आधी भरते. मायक्रोस्कोपचं भाडं बऱ्याचदा वाचतं.