गार्डीणकाकूंनी निवडलेलं कलिंगड

गार्डीणकाकू कलिंगड विकत घेत नसत, त्याची झडती घेत. जयपूरच्या आमच्या रेल्वे कॉलनीच्या फाटकाशी मे महिन्यात उंटगाडी लागायची, टोंककडच्या नदीपात्रातल्या कलिंगडांनी भरलेली. काकू पदर कमरेला खोचून पुढे झाल्या की बाकीच्या बायका आपोआप बाजूला सरकत. एकेक फळ उचलून त्या कानाशी धरायच्या आणि त्याच्या पाठीत असा दणका घालायच्या की गाडीचा उंटसुद्धा मान वळवून बघायचा. "माताजी, तरबूज है, चोर नहीं," गाडीवाला कळवळून म्हणायचा. "चोरच है," काकू म्हणायच्या, "अंदर क्या छुपाया है, वो मार खाए बिना बोलता नहीं."

काका मालगाडीवर गार्ड होते, म्हणून त्या गार्डीणकाकू. माहेर-सासर दोन्ही अकोल्याकडचं. जयपुरात इतकी वर्षं काढूनही त्यांची वऱ्हाडी बोली जागची हलली नव्हती. अंगानं अगदी किरकोळ, पण राग नाकाच्या शेंड्यावर. पाणी घालणाऱ्या दूधवाल्याच्या डोक्यावर त्यांनी त्याचंच दूध ओतलं होतं. कॉलनीत शिरलेल्या सांडाला चपलेनं मारत थेट सडकेपर्यंत हाकललं होतं. काका त्यांच्या अगदी उलट, गरीब स्वभावाचे. हे गृहस्थ ड्यूटीवर शिट्टी तरी जोरात फुंकत असतील का, असा प्रश्न पडायचा.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी लग्न होऊन साताऱ्याहून त्यांच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये आले. मधे एक भिंत, मागचं अंगण दोघींचं मिळून. माझा तेव्हाचा नवरा पार्सल ऑफिसात कारकून होता. पहिल्याच उन्हाळ्यात त्याचे साहेब घरी यायचे होते, म्हणून मी एकटीनं जाऊन कलिंगड आणलं. चकचकीत, हिरवंगार, दिसायला देखणं. साहेबांसमोर कापलं तर आत पांढरं फटक. साहेब हसले, "भाभीजी, ये तो ककडी निकली." नवराही हसला. साहेबांना हसत हसत फाटकापर्यंत पोचवून आला, दाराला कडी घातली आणि त्यानं मला पट्ट्यानं मारलं.

पुढच्या आठवड्यात गाडीशी मी पुन्हा एका चकचकीत फळाला हात घातला. काकूंनी माझा हात ओढून बाजूला केला. "चमकते ते कच्चं असते वं पोरी. धूळकट घे. देठ वाळलेला पाह्य. उचलून पाह्य, दिसते त्याच्यापेक्षा जड लागलं पायजे. टणटण वाजलं त कच्चं, भद्द वाजलं त पिकलं." मग फळ उलटं करून त्यांनी मला त्याचं बूड दाखवलं. "इथं पाह्य. जमिनीले टेकून होतं, तिथं पिवळं झालं. जितकं पडून राह्यते तितकं गोड होते. इथं पांढरं दिसलं, त समज घाईनं तोडलं."

ते बघायला मी वाकले आणि पदर खांद्यावरून घसरला. दंडावरचा पट्ट्याचा वळ एव्हाना निळ्याचा पिवळा झाला होता. काकूंनी फळ ठेवलं आणि माझा हात धरून तसाच उलटा केला.

"हे काय वं?"

"पडले."

"टरबूज पडून पडून पिवळं होते," काकू सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "बाई नाही होत."

शरमेनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकूंचाच संताप आला. पण अंगणात गेल्यावर त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि मी कच्च्या कलिंगडाची सगळी हकीकत भडाभडा सांगून टाकली. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "आजपासून तुह्यं टरबूज मी निवडीन."

आणि त्यांनी ते निवडलं. तो उन्हाळा आणि पुढचाही. एकही फळ फिकं निघालं नाही. कलिंगडावरून मार बसायचा थांबला. तो आमटीतल्या मिठावरून बसू लागला, शर्टाच्या तुटलेल्या बटणावरून बसू लागला. काकू पलीकडून भिंतीवर वरवंटा आपटायच्या, की तेवढ्यापुरता त्याचा हात थांबे. दुसऱ्या दिवशी त्या मला मिठाचा अंदाज शिकवत, काकांच्या जुन्या सदऱ्याची बटणं काढून आणून देत. एकेक चूक दुरुस्त केली की एक दिवस मार संपेल, असं मला वाटायचं. काकूंनाही वाटायचं. दोघी मिळून माझ्यातल्या चुका वेचत बसलो होतो. आज आठवलं की डोकं फिरतं.

दुसऱ्या उन्हाळ्यातला तो रविवार. बाहेर लू, तिकडचा उन्हाळी गरम वारा, भाजून काढत होती. काकूंनी सकाळी आणून दिलेलं कलिंगड ओल्या पोत्यात गार करून मी कापलं. लालबुंद, रवाळ, साखरेसारखं गोड. अर्धं ताटात चिरून नवऱ्यापुढे ठेवलं. त्यानं चार फोडी खाल्ल्या, पाचवीला दाताखाली बी आली. त्यानं ती थुंकली, उठला, माझे केस धरले आणि डोकं भिंतीवर आपटलं. एकदा नव्हे. भिंतीचा चुना माझ्या तोंडात गेला.

काकू मागच्या दारानं आत आल्या. या वेळी हातात वरवंटा नव्हता, काहीच नव्हतं. त्यांनी आधी ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कच्चं निघालं?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. नाही.

"फिकं हाय?"

"गोड आहे, काकू."

त्यांचा चेहरा असा झाला, की मी नवऱ्यापेक्षा त्यांनाच घाबरले. "मंग काहून मारतं रे भाड्या?" त्या ओरडल्या आणि उरलेलं अख्खं अर्धं कलिंगड दोन्ही हातांनी उचलून त्यांनी त्याच्या डोक्यावर घातलं. सालीची टोपी झाली, रस डोळ्यांत गेला. तो शिव्या देत त्यांच्या अंगावर धावला, गरावर घसरला आणि कपाळ उंबऱ्यावर आपटून पालथा पडला. त्याच्या पाठीत लाथ कुणी घातली, असं पुढे पुष्कळांनी विचारलं. काकूंनी नव्हे. ती मी घातली होती, आणि अजूनही ती मला पुरेशी जोरात वाटत नाही.

आरडाओरडा ऐकून समोरचे फिटरजी दारात आले. नवऱ्याच्या पांढऱ्या बनियनवर ओघळलेला तो लाल चिखल पाहून ते मागच्या मागे किंचाळले, "खून! अरे, खून ही खून!" बघता बघता क्वार्टरांची सगळी लाइन गोळा झाली, सगळे तेच ओरडू लागले. त्यांच्या हिंदीत खून म्हणजे रक्त. पण काका रात्रपाळी करून पलीकडे गाढ झोपले होते, आणि झोपेतून उठणाऱ्या मराठी माणसाच्या कानाला खून म्हणजे एकच. बायको घरात नाही, शेजारी खून झालाय, म्हटल्यावर त्यांनी बाकी काही विचारलं नाही. पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर, अनवाणी, तापलेल्या फरशीवरून ते गर्दीत शिरले आणि दोन्ही हात वर करून म्हणाले, "मैंने किया जी. औरत का इसमें कुछ नहीं. मैंने किया."

गर्दी हसत सुटली. काका मात्र हसले नाहीत. आपल्यासाठी असा पुढे होणारा माणूस जगात असतो, हे मला त्या दिवशी कळलं. काकूंना ते आधीपासून माहीत असणार.

त्या रात्रीपासून मी काकूंकडेच राहिले. वडील साताऱ्याहून आले, चहा प्यायले आणि म्हणाले, "एवढ्यातेवढ्यानं संसार मोडतात का?" काकूंनी त्यांच्या हातातली बशी काढून घेतली. "तुमच्या घरी जागा नसन, त अकोल्याले माह्या बहिणीकडं हाय," त्या म्हणाल्या. वडील एकटेच परत गेले.

मी अकोल्याला निघाले त्या दिवशी नवरा स्टेशनवर आला. कपाळावर पट्टी, दाढी वाढलेली. खिडकीचे गज धरून तो हमसून रडला, पुन्हा कधी हात उचलणार नाही म्हणाला, आईची शपथ घेतली. लोक बघत होते. मला वाटलं, हा सुधारला, आता सगळं नीट होईल. मी ट्रंक उचलली आणि दारातून एक पाय प्लॅटफॉर्मवर टाकला.

मला पोचवायला आलेल्या काकूंनी माझ्या थोबाडीत मारली. अशी, की ट्रंक हातातून सुटली आणि गालाच्या आतून दात लागून तोंडात रक्त आलं. मी काही म्हणायच्या आत त्यांनी मला डब्यात ढकललं, ट्रंक मागोमाग फेकली आणि दार ओढून घेतलं. गाडी हलली. काकू तो हात पोटाशी धरून उभ्या होत्या आणि रडत होत्या. त्यांना रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

अकोल्यात मी शिकले, नोकरी केली, स्वतःचं घर केलं. काकू निवृत्तीनंतर तिथेच आल्या, माझ्या घरी येऊन माझ्यावर ओरडून जायच्या, आणि आता त्यांना जाऊनही बरीच वर्षं झाली. त्या थपडेबद्दल त्यांनी कधी माफी मागितली नाही आणि मीही तो विषय काढला नाही. जयपुरात मी पुष्कळ मार खाल्ला, त्यातला शेवटचा काकूंच्या हातचा. त्यानंतर मला कुणी मारलेलं नाही.