कपाटातले काचेचे ग्लास

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, पण ऐकून ‘जाऊ द्या हो, होतं असं’ म्हणू नका. तसं म्हणणाऱ्यांचा मला आताशा राग येतो. स्वतःचा तर येतोच.

लातुरात आमचा चौघांचा रविवारचा बेत असतो. चौघंही एकाच ऑफिसातले. मटण मी करतो — काळा मसाला देवणीकडच्या गावाहून आई पाठवते, आणि भाकरीसुद्धा मीच थापतो, ही माझी मिजास. बाकीचे एकेक बाटली आणतात, कधी बिअर, कधी नाशकाकडची वाइन. बाटलीला वर्तमानपत्र गुंडाळायचं, घोट घ्यायचा आणि कोणती ते ओळखायचं. आम्हाला त्यातलं काय कळतं? डोंबल! प्रकाशला मात्र कळतं. तो आधी नाक लावतो, मग ओठ. प्रकाश उमरीचा, बौद्ध घरातला, आणि ऑफिसातला माझा सगळ्यात जवळचा माणूस. त्याच्या घरी मी मिटक्या मारत जेवतो. आपण किती पुढारलेले, हे चारचौघांत सांगायला ते बरं पडतं.

माझ्याकडे लांब दांड्याचे काचेचे सहा ग्लास आहेत, हैदराबादहून हौसेनं आणलेले. प्रकाश येणार असला की — कसं सांगू? — ते कपाटातच राहायचे. मग सगळ्यांनाच कागदी ग्लास, सगळ्यांनाच कागदी प्लेटा. सगळ्यांना, म्हणजे कुणाला शंका नको. केवढी ही अक्कल! ‘बायको कुरकुरते, काच फुटते,’ असं मी हसून सांगायचो. बायको कधी एका शब्दानं कुरकुरली नव्हती. उलट एकदा म्हणाली, ‘अहो, वाइन कुणी कागदी ग्लासात देतं का?’ मी तिच्यावरच खेकसलो.

आणि ज्या रविवारी प्रकाश यायचा नाही? त्या रविवारी काच निघायची, स्टीलची ताटं निघायची. दुसऱ्या दोघांनी कधी विचारलं नाही. त्यांना काय कळत नव्हतं? त्यांचाही मला राग येतो, पण कपाट उघडणारा आणि लावणारा हात माझा होता.

आमच्या गावात पूर्वी हॉटेलाबाहेर काही लोकांसाठी वेगळी कपबशी असायची. चहा प्यायचा आणि ज्याची त्यानं धुऊन ठेवायची. वडील सांगायचे. हे मी प्रकाशला सांगितलं होतं आणि वर गावाला, जुन्या पिढीला मनसोक्त शिव्या घातल्या होत्या. कागदी ग्लास हातात धरून! 

मग एका रविवारी तो उमरीला जाणार होता आणि ऐनवेळी गेला नाही. न सांगता दारात उभा, हातात गुंडाळलेली बाटली. आम्ही तिघं काचेच्या ग्लासातून पीत बसलेलो. कपाटाचं दार सताड उघडं, आत उरलेले ग्लास पुसून ठेवलेले. त्यातला एक उचलायचा होता फक्त — जड होता का तो? मी उठलो, स्वयंपाकघरात गेलो आणि कागदी ग्लास घेऊन आलो. म्हणालो, ‘काचेचे एवढेच आहेत.’

त्यानं कपाटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. ग्लास घेतला, बसला, मटण झकास झालंय म्हणाला. मला शिवी का नाही घातली त्यानं? घातली असती तर मी उलटून भांडलो असतो, ‘प्रकाश फार मनाला लावून घेतो’ असं ऑफिसभर सांगत सुटलो असतो. तेवढा नीचपणा माझ्यात तयारच होता.

पुढच्या रविवारी तो वेळेवर आला. पिशवीतून पंच्यात गुंडाळलेला काचेचा ग्लास काढला आणि म्हणाला, ‘भाऊ, तुमच्याकडं गिलास कमी पडायलेत. म्हणून माझा मी आणलो.’ आवाज नेहमीचाच. प्यायला, वाइन बरोबर ओळखली. मग उठून सिंकपाशी गेला, आपला ग्लास आपण धुतला, पुसला, पंच्यात गुंडाळून पिशवीत ठेवला. बाकीचे दोघं बाटलीवरचा कागद सोलत बसले. मी भाकरी मोडत होतो.

तो यायचा बंद झाला असता तर मी सुटलो असतो. पण तो येतो. दर रविवारी येतो, ग्लास आणतो, माझ्या घरात, माझ्या नळाखाली धुतो आणि घेऊन जातो. ‘ठेव तो, यातला घे’ — एवढंच म्हणायचं आहे मला. दर वेळी वाटतं, आज म्हणेन. आणि दर वेळी मी त्याला विचारतो, ‘प्रकाश, रस्सा वाढू का?’

कपाटात सहा ग्लास आहेत. परवाच्या रविवारीही मी ते काढले नाहीत.