चांदण्यातली ओहोटी
खळीचा वास आला की नागावच्या तंबूत पाहिलेला, चंद्रप्रवासाच्या कादंबरीवरचा सिनेमा आठवतो. पडद्यावर पुनवेचा चंद्र माथ्यावर आणि समुद्राला ओहोटी! "अरे मेल्यांनो, आता भरती पायजे!" दर्यावर होडी नेणारे माझे काका ओरडले आणि सगळा तंबू हसला. यान उडताना मी डोळे पुसले होते. पण घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. काकांपेक्षा शहाणा दिसू नये म्हणून मीही हसलो. सिनेमा तीन दिवसांत उतरला. मग तंबूत शेजारीच बसलेल्या वर्गमित्राने कॉलेजच्या भित्तिपत्रकात लिहिलं, "चंद्रावर नेणाऱ्याला एक ओहोटी माफ करा." सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं. त्याचा कागद खळीने चिकटवताना मी जळून म्हणालो, "पडलेल्या सिनेमाचं कसलं कौतुक?" तो म्हणाला, "तुला रडताना पाहिलं, म्हणून तर लिहिलं." आता तोच सिनेमा पुन्हा लागलाय, लोक वाखाणतात. मी मात्र अजून त्याच्या 'एक ओहोटी माफ करा' या वाक्याखाली मनातल्या मनात माझं नाव लिहून पाहतो.