आजोबांच्या विमानाचा दुसरा पंख

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे गृहस्थ बँकेत कारकून आहेत, पण मनाने ते बहुतेक वेळ हवेतच असतात. चमचा असो, आंबा असो, हातात आला की डोळे मिटून त्यावरून बोट फिरवतात आणि स्वतःशीच म्हणतात, "पाठ छान आहे, पोट जरा सपाट." विमानाच्या पंखाचं सगळं उडणं वरच्या-खालच्या बाजूंच्या, म्हणजे या पाठीपोटाच्या गोलाईत असतं, असं त्यांचं म्हणणं.

मुलांनो, तुमच्या आजोबांनी केलेल्या लाकडी विमानाचा एक पंख मोडून हरवला होता. त्यांच्या मागे ते पुन्हा एकदा उडावं, असं मला फार वाटे. म्हणून नवा पंख करायला ते मी या गृहस्थांकडे दिलं, पण आकार कळावा म्हणून ते उरलेला पंख आडवा कापतील की काय, अशी धास्ती होती. त्यांनी कापला नाही. सोल्डरिंगची मऊ तार पंखाभोवती अलगद दाबली, तिचा आकार पुठ्ठ्यावर उतरवला आणि बराच वेळ नुसते बघत बसले.

"काकू, काकांनी इथे पॉलिशपेपर जरा जास्तच चालवलाय. पाठ बसलीये."

"मग नव्यात सुधारून घ्या की."

"छे हो! मग एक पंख काकांचा आणि दुसरा पुस्तकातला. विमान एका बाजूला कलेल."

त्यांनी नव्या पंखाची पाठही त्याच जागी तितकीच बसकी केली. रविवारी सकाळी गंगापूर धरणाजवळच्या माळावर विरळ धुकं होतं. विमान त्यांच्या हातातून सुटलं आणि सरळ, संथ तरंगत गेलं. मी कपाळाशी हात धरून पाहत राहिले, पण त्यातला आजोबांचा पंख कोणता, ते मला ओळखता येईना.