चंदनाची लागण

महायुद्धाच्या दिवसांत आमच्या औंधाकडच्या गावात बोलवा उठली, की जंगलाचे रखवालदार आकारामतात्या सरकारी डोंगरावर चोरून चंदनाची लागण करतात. उसाची लागण सगळ्यांना ठाऊक, चंदनाची कुणी ऐकली नव्हती.

"म्हातारपनाची सोय लावतोय त्यो," अंबूबाई पाणवठ्यावर म्हणाली. "डोंगर सरकारचा, खोडं ह्येची."

ते खोटं होतं. तात्यांनी एक रोपसुद्धा लावलं नव्हतं. लागण चालली होती ती रोगाची, धडधाकट झाडाला, मुद्दाम. हे कळल्यावर गाव जास्तच बिथरलं.

डोंगरावरच्या चंदनांना नवंच दुखणं जडलं होतं. पानं बारीक होत जायची, ताठ उभी राहायची, फांदीची केरसुणी व्हायची आणि झाड उभ्याउभ्या वाळायचं. गावानं चोर आधीच धरला होता: धुळा धनगराच्या शेळ्या. आजारी झाडाला लावलेलं तोंड त्या चांगल्याला लावतात म्हणे. जंगलखात्याच्या साहेबांनाही ते पटत आलं होतं. एकदा तसं ठरलं, की डोंगर चराईला बंद होणार, आणि धुळ्याला बिऱ्हाड उचलावं लागणार.

पण तात्यांचा कशावरच विश्वास नसायचा. देवळातला अंगारासुद्धा हुंगून मग कपाळाला लावायचे. कुणी काही सांगितलं की एक डोळा बारीक करायचा, नाकानं हूं ओढायचं आणि म्हणायचं, "आसंल. पर कशावरनंऽ?" तो 'नं' इतका लांबायचा, की सांगणाऱ्याला स्वतःचाच संशय यायचा. साहेबांनाही त्यांनी तेच विचारलं. साहेब हसले आणि मच्छरदाणीचं कापड देऊन म्हणाले, "मग दाखव शोधून."

"लढाईपायी बायकांना लुगडं मिळंना," अंबूबाई फणफणली, "आन ह्यो झाडाला नेसवतोय."

तात्यांनी दोन निरोगी झाडं दोन मच्छरदाण्यांत घातली. एकीत रोज धुळ्याची शेळी सोडायची, आजारी पाला खाऊन आलेली. दुसरीत फक्त आजारी झाडावरचे तुडतुडे, पानांचा रस पिणारे बारीक किडे.

"आवं तात्या, मला घालवायचा डाव तर न्हवं ह्यो?" धुळ्यानं विचारलं.

"आसंल. तू बी नजर ठेव की."

मग तात्या मच्छरदाणीला गाठ मारायचे, आणि तीवर धुळा आपली. सकाळी दोघं आधी गाठी तपासायचे, मग झाडं.

मी सरपणाला गेले, की हा तमाशा बघायची. एकदा मीच म्हणाले, "तात्या, शेळीच हाय चोर. लावा पैज. हरले तर पानवठ्यावर शेळीवानी वरडीन."

"आन जितलीस तर?"

"तर तुमी सबंद दिवस कुनाला कशावरनं म्हनायचं न्हाई."

तात्यांनी नाकानं हूं ओढलं. "लय म्हाग पडंल," म्हणाले, "पर व्हय."

होळीच्या सुमारास तुडतुड्यांच्या झाडाची केरसुणी झाली. शेळीनं ओरबाडलेलं मात्र रुंद पानांनी फुटलं. तरी तात्यांना पटेना. त्यांनी पुन्हा दुसऱ्या झाडांवर तेच केलं, आणि तेच झालं. साहेबांनी येऊन पाहिलं, चराई चालू ठेवली. धुळ्यानं आपली गाठ तेव्हाच सोडली.

पाणवठ्यावर सगळ्या बायका जमल्या. मी गळा ताणून ओरडले. धुळ्याच्या शेळ्यांनीसुद्धा माना वळवल्या.

तात्यांनी एक डोळा बारीक केला. "ह्ये करडाचं वरडनं झालं, पोरी. पैज शेळीची हुती."

मला पुन्हा ओरडावं लागलं.