मोरेश्वर साहेबाचं लोटांगण

मोरेश्वर साहेबाला मीच घडवलं, हे आधीच सांगून ठेवतो. चौथीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो. तो पाचवीत गेला, पुढं पुण्याच्या कंपनीत डायरेक्टर झाला. मी चौथीतच राहिलो. मास्तरांना माझी सवय झाली होती! आता तो रिटायर होऊन गावी आलाय आणि घरचे पैसे घालून गाव सुधरवतोय. त्याच्या पायी दर हप्त्याला एक नवा किस्सा होतो, अन् पानठेल्यावर सांगता सांगता माझा चहा थंड होतो.

*

आल्या आल्या त्यानं शाळेला वॉटर फिल्टर दिला. हेडमास्तरांनी सत्कार ठेवला. शाल, नारळ, भाषणावर भाषण. शेवटी साहेब उठला न् म्हणाला, "पोरं उन्हात बसून राहिली. आधी त्यायले पाणी पाजा!"

संपलं भाषण. मी बाजूच्याला कोपरानं ढोसलं, "माह्या बाकावरचा होय!"

*

मग त्याची नजर तलावावर गेली. जलपर्णीनं पाणी दिसत नव्हतं. जाळं टाकलं की पालाच वर येई. ढिवरपुऱ्यातली, मासेमारांच्या वस्तीतली, अर्धी घरं कुलूप लावून नागपूरला कामाला गेली होती. उरलेलीही निघायच्या बेतात.

साहेबानं मीटिंग बोलावली. सकाळी दहा, ग्रामपंचायत, प्रोजेक्टर, बिस्किटं. अन् दिवस कोणते? ऐन धानाच्या रोवण्याचे! सारा गाव बांधीतल्या चिखलात भात लावत. मीटिंगला तिघं: सरपंच, मी आणि एक कुत्रं.

"कोरम नाही," साहेब म्हणाला.

"कुत्रं धरून होते काय, पाय ना!" मी म्हटलं.

*

तरी गडी थांबतो काय! बोटुकली आणली, म्हणजे बोटाएवढी माशाची पिल्लं, अन् कोणाला न विचारता तलावात सोडली. वर कौसाबाईला ऐटीत सांगितलं, "मावशी, यंदा पाहा मासळी!"

कौसाबाई ढिवरपुऱ्याची म्होरकी. मासे धरायला डोंगा तलावात कधी काढायचा हे तीच ठरवते. तिनं कपाळावर हात मारला. "कोणची मासळी, बापा? खाली पिल्लं गिळणाऱ्या मरळी बसल्या आहेत. त्या पह्यले काढा लागते. तुमी तर त्यायले पंगत वाढली!"

दुसरा असता तर रुसला असता. हा दुसऱ्या दिवशी वही घेऊन तिच्या अंगणात जमिनीवर बसला. "आता पह्यलेपासून सांगा, मावशी."

दुपारपर्यंत लिहीत होता. डायरेक्टर माणूस! चौथीत माझ्याकडून कधी इतकं लिहून झालं नाही.

*

उन्हाळ्यात पाणी उतरलं. कौसाबाईच्या सांगण्याप्रमाणे आधी जलपर्णी काढायची, तीही हातानं; मग मरळी, मग नवी बोटुकली. साहेब घरोघरी फिरला. सगळे म्हणाले, "येतो ना!" म्हणजे कोणी येणार नव्हतं.

माझ्या अंगात खोडी शिरली. गंभीर तोंडानं म्हटलं, "मोरू, गावचा रिवाज भुलला काय? तलावात उतराच्या आधी पाळीवरून लोटांगण घाला लागते!" अन् लगेच गावभर सांगत सुटलो, "उद्या सकाळी साहेब लोटांगण घालून राहिला, पाहाले या!"

सारा गाव पाळीवर, तलावाच्या बांधावर. साहेब पांढऱ्या पँटीत लोळत लोळत थेट चिखलात! बाया पोट धरून हसल्या. तो उठला, तोंडावरचा चिखल पुसला अन् जलपर्णी ओढायला लागला. एकटाच. ओढत राहिला. हळूहळू हसणं थांबलं. कौसाबाईनं पदर खोचला, पाण्यात उतरली. मग काय, आम्ही सगळेच! मीसुद्धा, ज्यानं घरची विहीर कधी उपसली नाही.

*

यंदा ढिवरपुऱ्यातली कुलपं उघडली. पहिल्या जाळ्यातला मोठा रोहू कौसाबाईनं साहेबाच्या दारी आणून दिला. मी तिथंच बसलो होतो. मनाला खात होतं, म्हणून कबूल केलं, "मोरू, त्या लोटांगणाचा रिवाज-गिवाज काही नाही गा. मी बनवला होता."

रोहू तोलत तो म्हणाला, "माहीत होतं मले. मी का पुण्यात जन्मलो? मीटिंगले कुत्रं धरून तिघं आले, अन् माह्यावर हसाले सारा गाव. तूच सांग डोमा, कोरम कोणं जमवला?"