लिफ्टच्या तक्रारींची उत्तरं

आमच्या कंपनीचं काम लिफ्टच्या देखभालीचं. ठाण्यात वर्तकनगरला तळमजल्यावर ऑफिस, सात मेकॅनिक, आणि रहिवाशांच्या तक्रारींना उत्तरं लिहायला मी. बावीस वर्षं हेच केलं. डोंबिवलीहून यायचे, फायली उघडायचे आणि चिडलेल्या माणसांना शांत करणारी पत्रं लिहायचे. पुढे पत्रांच्या जागी ईमेल आले, पण भाषा माझीच राहिली. तिचा मला अभिमान होता.

गेल्या वर्षी मालकीणबाईंनी केबिनमध्ये बोलावलं. वडिलांनंतर कंपनी त्यांनी हाती घेतली. शाळेच्या गणवेशात ऑफिसात येऊन बसायच्या, तेव्हापासून मी त्यांना ओळखते. घोडबंदर रोडवर नवे टॉवर उभे राहत होते, तक्रारी वाढत होत्या. उत्तरं एआयकडून लिहून घ्यावीत असं त्यांच्या मनात होतं, पण ठरवायचं त्यांनी माझ्यावर सोपवलं. महिनाभर वापरून बघा आणि हो की नाही ते सांगा, म्हणाल्या. तुमच्या नोकरीला धक्का लागणार नाही, हेही स्पष्ट सांगितलं.

मी मान डोलावली. मनात मात्र उत्तर ठरलेलं होतं, नको.

नमुना म्हणून माझीच दोन-अडीचशे जुनी उत्तरं एआयला दिली. पहिल्या आठवड्यात मी जरा खचलेच. मला अर्धा तास लागायचा ते पत्र काही क्षणांत तयार व्हायचं, आणि शुद्धलेखनही चोख. कुठे चुकतंय हे शोधत मी एकेक ओळ वाचायचे.

दुसऱ्या आठवड्यात चूक सापडली. घोडबंदर रोडच्या एका टॉवरमधून चौदाव्या मजल्यावरच्या आजींची दुसऱ्यांदा तक्रार आलेली. लिफ्टचा दरवाजा फार लवकर बंद होतो, वॉकर अडकतो. एआयने लिहिलं, ‘आमच्या तंत्रज्ञांनी दरवाजाची तपासणी केली असून तो सुस्थितीत आहे.’ तिथे अजून कोणी फिरकलंही नव्हतं.

तो कागद छापून मी केबिनमध्ये गेले. आत जाताना मला आनंद झाला होता, हे लपवत नाही. मालकीणबाईंनी तो दोनदा वाचला. हे धडधडीत खोटं आहे, म्हणाल्या. मग विचारलं, “पण ताई, हे वाक्य त्याने आणलं कुठून?”

जागेवर येऊन मी जुन्या फायली चाळल्या. तेच वाक्य, थोड्याफार फरकाने, पानोपानी होतं. माझंच होतं.

आमच्याकडचे सगळ्यात जुने मेकॅनिक शहाडला राहतात, निवृत्तीला आलेत. त्यांना मी बाजूला घेऊन त्या वाक्याबद्दल विचारलं. तक्रार आली की मी त्यांना फोन करायचे, आणि फोन ठेवून ‘तपासणी केली आहे’ असं लिहायचे. बहुतेकदा ते त्याच दिवशी जायचेही. कधी दोन दिवसांनी. कधी राहूनच जायचं.

“मॅडम, मी बघतो म्हणायचो,” ते म्हणाले. “बघितलं असं कधी म्हणालो नाही.”

आवाजात राग नव्हता. म्हणूनच मला जास्त लागलं.

त्याच दुपारी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी त्या टॉवरला गेले. बावीस वर्षांत तक्रारीच्या जागी पहिल्यांदाच. आजींनी वॉकर पुढे टाकला आणि दार त्यावर आदळलं. त्यांनी सवयीने खांदा मध्ये घातला. दंडावर काळानिळा डाग होता. मेकॅनिकनी दार उघडं राहण्याची वेळ वाढवली, सेन्सर पुसून नीट बसवला. वीस मिनिटांचं काम. आजींनी आतबाहेर दोन फेऱ्या मारून पाहिल्या आणि मला विचारलं, “मागच्या खेपेला उत्तर आलेलं, ते तुम्ही लिहिलेलं का?”

मी हो म्हटलं.

“छान लिहिता,” त्या म्हणाल्या. कौतुक होतं की टोमणा, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

महिना संपल्यावर मी हो सांगितलं, पण अटी घालून. मेकॅनिकने जागेवरून फोटो पाठवल्याशिवाय उत्तरात ‘तपासणी’ हा शब्द येणार नाही. मी वाचल्याशिवाय काही बाहेर जाणार नाही. आणि माझी जुनी उत्तरं नमुन्यातून काढायची. हे शेवटचं मालकीणबाईंना पटेना, एवढी चांगली भाषा का काढायची म्हणाल्या. मी हटून बसले.

आता उत्तरं साधी असतात. ‘आज कोणी येऊ शकलं नाही, उद्या अकराला येतील.’ लोक चिडायचे थांबलेत असं नाही. वाचलेल्या वेळात आठवड्यातून दोनदा मी मेकॅनिकबरोबर इमारतींवर जाते. मशीन रूमची लोखंडी शिडी चढताना गुडघे दुखतात.

मध्यंतरी एका गृहस्थांनी कळवलं, पूर्वीच्या पत्रांत आपुलकी असायची, आता ती राहिली नाही. त्यांना मी स्वतः उत्तर लिहिलं, निवांत बसून, दोन परिच्छेदांचं. एआयला ते दाखवलं नाही.